दोन दौऱ्यांमधले घर

डिसेंबर आणि जानेवारी हे आम्हा साथीदारांचे सुगीचे महिने. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, ग्वाल्हेरचा तानसेन समारोह, जालंधरचे हरिवल्लभ संमेलन, १ जानेवारीपासून अहमदाबादचा सप्तक आणि जानेवारीच्या उत्तरार्धात कोलकात्याचे डोव्हर लेन संमेलन, अशी सगळी मोठी व्यासपीठे सात-आठ आठवड्यांत येतात आणि त्यांच्या मधल्या फटींत गावोगावच्या संगीत मंडळांचे कार्यक्रम बसवावे लागतात. गेली चाळीस वर्षे मी तबल्याची पिशवी खांद्याला लावून या वाटेवर चालतो आहे. या सदरात आजवर वाचकांनी ताल, घराणी, वाद्यांची निगा यांविषयी विचारले. या वेळी मात्र आलेल्या पत्रांतली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती होती, आणि तो विषय म्हणजे कार्यक्रम नसलेले, घरी घालवायचे दिवस. त्यातली काही पत्रे निवडून उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे यजमान संवादिनीची साथ करतात. तीन-तीन आठवडे दौऱ्यावर असतात. घरी आले की दोन दिवस झोपून काढतात, बोलत नाहीत, मुलांनी दंगा केला की चिडतात. फोनवर आयोजकांशी मात्र हसून बोलतात. त्यांना विश्रांती हवी हे मला कळते. पण आम्ही सगळे घरात चवड्यांवर चालतो. यावर काही उपाय आहे का? (एक भगिनी, ठाणे)

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी माझ्या पत्नीला वाचून दाखवले, आणि तिने ते शांतपणे दुसऱ्यांदा वाचायला सांगितले. त्यामुळे हे उत्तर एका अर्थी तिलाही दिलेले आहे.

आधी तुमच्या यजमानांची बाजू सांगतो, कारण ती ते स्वतः सांगणार नाहीत. मैफल रात्री अकराला संपते, पण ती अंगातून उतरायला आणखी तीन तास लागतात. वाद्य आवरून जेवायला बसेपर्यंत बारा वाजतात, आयोजकांच्या गप्पा सुरू असतात, दोनला पाठ टेकली तरी शेवटच्या द्रुतातली एखादी जागा कानात फिरत राहते आणि पहाटे पाचला स्टेशनवर जायचे असते. असे पंधरा-वीस दिवस झाले की माणूस चाव्या दिलेल्या घड्याळासारखा नुसता चालत राहतो, आणि घराचा उंबरा ओलांडला की चावी एकदम संपते. त्यांचे गप्प बसणे हा राग नाही. बोलण्यासाठी लागणारे त्राण उरलेले नसते आणि आयोजकांशी हसून बोलणे हा कामाचाच भाग असल्यामुळे तेवढे त्राण ते कसेबसे गोळा करतात.

हे खरे असले, तरी तुमची तक्रार रास्त आहे. दौऱ्यावर कलावंताला एक सवय लागते. गाडी दाराशी येते, बॅग कोणीतरी उचलतो, चहा हातात मिळतो, ‘काही हवं-नको?’ असे विचारायला चार माणसे असतात. ती सवय घेऊनच तो घरी येतो आणि इथे मात्र गॅस संपलेला असतो, मुलाच्या शाळेतून निरोप आलेला असतो. एका जानेवारीत मी तीन आठवड्यांनी घरी आलो, सकाळी स्वतःच चहा करायला स्वयंपाकघरात गेलो आणि चहापत्तीचा डबा मला सापडेना. सगळ्या मांडणीवरचे डबे हलवलेले होते. मी त्रासून मोठ्याने विचारले, ‘माझा डबा कुठं गेला?’ पत्नी म्हणाली, ‘अहो, तुम्ही नसता तेव्हाही हे घर चालतं. वरची फळी गळत होती, म्हणून खाली घेतलाय.’ फळी गळते आहे हे मला ठाऊकच नव्हते. पावसाळ्यापासून गळत होती.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी पाळतो, त्या तुमच्या यजमानांना माझे नाव सांगून सुचवा. एक म्हणजे परतण्याच्या आदल्या दिवशीच फोनवर स्पष्ट शब्दांत सांगायचे की मला किती वेळ झोप हवी आहे आणि मी कधी उठून तुमच्यात येईन. ‘उद्या दुपारपर्यंत मला झोपू द्या, संध्याकाळी मुलांना घेऊन बाहेर जाऊ,’ हे एक वाक्य ऐकले की घरच्यांना अंदाज येतो, आणि अंदाज आला की चवड्यांवर चालावे लागत नाही. दुसरी म्हणजे परतल्याच्या दुसऱ्या सकाळी मंडईत मी जायचे. काय संपले आहे, कोणाला काय आवडेनासे झाले आहे, कोणाचा दात पडला आहे, हे सगळे भाजीची पिशवी हातात घेतल्यावर आपोआप कळते. परदेश दौऱ्यानंतर मात्र थोडी जास्त सवलत द्या. उन्हाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून आपल्याकडे साडेबारा तासांचे अंतर असते, म्हणजे दिवसाची रात्रच होते, आणि शरीराला ते फिरवून घ्यायला आठवडाभर तरी लागतो. तिकडच्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांहून आल्यावर मी पहाटे तीनला टक्क जागा असतो. त्या वेळी आवाज न करता डाळ-तांदूळ निवडतो.

त्यांची विश्रांती म्हणजे तुमची नजरकैद होऊ देऊ नका, एवढेच आग्रहाने सांगतो. मुलांनी दंगा करावा. तो आवाज त्यांच्या कानांना पुन्हा ओळखीचा व्हायला हवा.

प्रश्न : मी २४ वर्षांचा असून नाट्यसंगीत आणि अभंगांच्या कार्यक्रमांत तबला वाजवतो. जूनपासून गणपतीपर्यंत आमच्याकडे फारसे काम नसते. हात बसेल अशी भीती वाटते. शिवाय पावसात तबला सतत उतरतो. या काळात नेमके काय करावे? (एक तबलावादक, चिपळूण)

उत्तर : तुमच्या पत्रात तीन काळज्या आहेत, त्यांतली तिसरी तुम्ही लिहिलेली नाही, पण ती पैशांची आहे हे मला समजते. आधी वाद्याचे पाहू.

कातडे हवेतला ओलावा ओढून घेते आणि सैल पडते, म्हणून कोकणात जून-जुलैमध्ये काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात लावलेला तबला सकाळी उघडून पाहावा तर पांढरी एकच्या, म्हणजे लगतच्या खालच्या सुराच्या आसपास आलेला असतो. हौशी माणूस लगेच हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे कातड्याच्या विणलेल्या कडेवर, ठोकत सुटतो आणि सूर वर ओढून घेतो. तसे करू नका. ओल्या पुडीला, म्हणजे तोंडावरच्या कातड्याला, ताणून ठेवले आणि मग ती वातानुकूलित सभागृहात किंवा विमानाच्या कोरड्या, थंड सामानकक्षात गेली, की सुकताना ती आणखी आवळते आणि एखाद्या घराशी (पट्टी ओवायच्या जागेशी) चाटेपासून, म्हणजे कडेच्या कातड्यापासून, फाटते. काम नसेल तेव्हा चामडी पट्ट्यांखालचे लाकडी गठ्ठे थोडे वर सरकवून तबला सैलच राहू द्यावा. मी घरी आल्यावर पहिल्या दिवशी तबला पिशवीतून काढून कोरड्या सुती कापडाने पुसतो, कारण हाताला लावलेली पावडर घामाबरोबर चाटेच्या कडेला जाऊन बसते आणि तिथे ओल धरते. शाईला ओले फडके कधीही लावायचे नाही. शाई म्हणजे लोहकीट आणि खळीचे थरावर थर देऊन, घोटून बसवलेले लेपन. तिला पाणी लागले की आधी आवाज बसतो आणि मग कपचे निघू लागतात. जोडी भिंतीपासून दूर, जमिनीपासून वर, बंद कपाटात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्यांसोबत ठेवा. उन्हात ठेवू नका. आणि कपाटाचे दार नीट लागते ना, ते पाहा; कोकणातल्या घरात उंदराने कुरतडलेल्या पुड्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

आता हाताचे. तुमच्या पत्रातला ‘हात बसेल’ हा शब्द मला थोडा खटकला, कारण माझा अनुभव उलटा आहे. हात हंगामातच बिघडतो. ध्वनिक्षेपकासमोर रोज वाजवताना हाताला जोराची सवय लागते, टाळी मिळवणारे चार मुखडे आणि दोन तिहाया बोटांत इतक्या बसतात की गायक नवे काही मांडत असला तरी हात जुन्याच जागी धावतो. पावसाळ्यातली शांतता ही हे सगळे उतरवण्याची वेळ आहे. माइक नसलेल्या खोलीत बसा. फक्त विलंबित एकतालाचा ठेका, लेहऱ्याच्या, म्हणजे आवर्तन दाखवणाऱ्या सुरावटीच्या, साथीने, वीस मिनिटे वाजवा, त्यात एकही भरणा करू नका. पहिल्या पाच मिनिटांत कंटाळा येईल, दहाव्या मिनिटाला आपला ‘धा’ प्रत्येक वेळी वेगळा लागतो आहे हे ऐकू येईल, आणि मग चाट, लव (या दोहोंमधला भाग) आणि शाई या तीन जागांचे आवाज वेगवेगळे सुटू लागतील. पुढे तीनतालातला एकच कायदा, म्हणजे विस्तार करता येईल अशी बोलांची रचना, घ्या आणि महिनाभर तोच ठेवा, लय मुद्दाम खालची. गुरूंकडून मिळालेले जुने कागद काढून जे बोल विसरलात ते आधी तोंडाने पढा आणि हातावर टाळी धरून म्हणा. घरात फिरता फिरता, पाऊस कोसळत असताना, बोल पढण्याइतका उत्तम रियाज दुसरा नाही असे मला मनापासून वाटते.

पैशांविषयी थोडक्यात सांगतो, कारण यात गूढ काही नाही. वर्षाचे बारा महिने मोजा, बिदागी मिळण्याचे सात-आठच असतात, तेव्हा मिळालेल्या प्रत्येक पाकिटातला एक तृतीयांश भाग घरी येताच बाजूला ठेवा आणि तो पावसाळ्याचा समजा. चार विद्यार्थी शिकवायला घ्या, पण ते वर्षभराचे घ्या; हंगाम आला की क्लास बंद करणाऱ्या शिक्षकाकडे मुले पुन्हा येत नाहीत. आषाढीच्या सुमारास अभंगांचे कार्यक्रम आणि नंतर गुरुपौर्णिमेचे उत्सव असतात. तिथे मानधन कमी असले तरी जा.

प्रश्न : मी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो. नवरात्राच्या नऊ रात्री संपल्या की घरी आल्यावर दोन-तीन दिवस कानांत शिट्टीसारखा आवाज येतो. आपोआप जातो, म्हणून दुर्लक्ष करतो. यात काही धोका आहे का? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : होय, आणि कृपया दुर्लक्ष करू नका. कामाच्या ठिकाणच्या आवाजाचे जे माप सामान्यतः धरले जाते, त्यानुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास राहणे ही कमाल मर्यादा मानली जाते, आणि दर ३ डेसिबल वाढीला ही वेळ निम्म्यावर येते. म्हणजे ९४ डेसिबलला १ तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. गरब्याच्या रंगमंचावर, ध्वनिवर्धकांच्या भिंतीसमोर, तुम्ही चार-चार तास असता. कानांतली शिट्टी थांबली म्हणजे कान पूर्ववत झाला असे धरून चालू नका, कारण आतल्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. घरच्या शांत दिवसांत कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्या आणि तो कागद जपून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या चाचणीशी ताडून पाहता येईल. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते वापरा. घरी असताना हेडफोन लावून गाणी ऐकण्यापेक्षा काहीही न ऐकणे अधिक बरे.

प्रश्न : हंगाम संपल्यावर गायकाने पूर्ण मौन पाळावे का? माझे गुरुजी पाळत नसत. हल्लीचे काही गायक आठवडाभर पाटीवर लिहून बोलतात. (एक गायिका, बेळगाव)

उत्तर : मी गायक नाही, पण गायकांच्या शेजारी बसून आयुष्य गेले आहे, त्या आधारावर लिहितो. थकलेल्या गळ्याला दोन-तीन दिवस गाण्यापासून सुटी आणि बोलणे बेताचे, एवढे बहुतेकांना पुरते. कुजबुजणे मात्र टाळा, कारण त्यातही स्वरतंतूंवर ताण येतो; आणि सारखे खाकरू नका, त्याऐवजी पाण्याचा घोट घ्या. त्यानंतर सकाळी हलक्या आवाजात खर्ज, म्हणजे खालचे स्वर, तार सप्तकाकडे लगेच जायचे नाही. आवाज दोन-तीन आठवड्यांनंतरही घोगरा राहिला तर काढे बदलत बसू नका, तज्ज्ञांकडून स्वरतंतू तपासून घ्या. अतिगायनाचा फटका थोरांनाही बसलेला आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी अति गाण्यामुळे गेला होता आणि नंतर परतलेल्या, बदललेल्या आवाजाला मानवेल अशी गायकी त्यांनी घडवली, असे त्यांच्या परंपरेत सांगितले जाते. पुढे १८९५ मध्ये ते कोल्हापूर दरबारी आले आणि महाराष्ट्राला ती गायकी मिळाली. पण म्हणून आवाज पणाला लावावा असा अर्थ कोणी काढू नये.

प्रश्न : कुमार गंधर्वांनी देवासला काही वर्षे न गाता काढली आणि त्यातून नवे संगीत जन्मले, असे आपण नेहमी वाचतो. मग आजच्या कलावंतांनीही सततचे कार्यक्रम थांबवून मोठी विश्रांती घ्यावी, असे आपल्याला वाटते का? (एक रसिक, नागपूर)

उत्तर : तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला आणि त्याचे उत्तर देताना मी थोडा जपून चालणार आहे. कुमारजी १९४८ मध्ये देवासला गेले ते विश्रांतीसाठी नव्हे, क्षयरोगाने आजारी असल्यामुळे कोरडी हवा हवी म्हणून गेले. डॉक्टरांनी गाणे बंद केले होते. तेव्हा ते ऐन पंचविशीच्या आत होते, लहानपणापासून मैफली गाजवलेला हा माणूस खाटेवर पडून होता आणि पुन्हा गाता येईल की नाही याची कोणालाही खात्री नव्हती. पत्नी भानुमतीबाईंनी केलेली शुश्रूषा आणि तेव्हा नव्यानेच उपलब्ध झालेले औषध यांमुळे ते त्यातून उठले आणि १९५३ च्या सुमारास पुन्हा मैफलीत बसले. त्या काळाला ‘साधनेचा एकांतवास’ असे गोंडस नाव देणे त्या दोघांवर अन्याय करणारे आहे, असे माझे मत आहे.

तरीही त्या वर्षांत घडलेली एक गोष्ट आपल्यासाठी आहे. गाता येत नव्हते, म्हणून त्यांनी ऐकले. खाटेवरून त्यांच्या कानावर मालव्यातल्या बायाबापड्यांची गाणी पडत होती, सणावाराची, लग्नाची, रस्त्याने जाणाऱ्या भिकाऱ्यांची भजने पडत होती, आणि त्या चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या धुनांमध्ये रागाचे बीज कुठे आहे हे ते शोधत राहिले. मालवती, लगनगंधार, संजारी अशा त्यांच्या धुनउगम रागांची मुळे त्या ऐकण्यात आहेत. सतत गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाचा कान स्वतःच्याच आवाजाने भरलेला असतो. तो रिकामा व्हायला पाच वर्षे लागत नाहीत; पण हॉटेलच्या खोलीत आणि विमानतळावर तो रिकामा होत नाही, हेही खरे.

म्हणून माझे उत्तर असे की मोठी विश्रांती ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावी, पण ज्याच्या चुलीचा प्रश्न आहे त्या साथीदाराला हा उपदेश करू नये. त्याने दोन दौऱ्यांमधले आठ दिवस तरी ऐकण्यासाठी राखावेत. मी घरी असलो की रोज दुपारी एक जुने ध्वनिमुद्रण लावतो, त्यात तबला कोणाचा आहे इकडे लक्ष न देता फक्त गाणे ऐकतो. चाळीस वर्षे ज्यांच्यासोबत वाजवले ते राग मला अलीकडे कुठे थोडे कळू लागले आहेत.

प्रश्न : पहाटेच्या रियाजाबद्दल सोसायटीतले शेजारी तक्रार करतात. काय करावे? (एक वादक, पुणे)

उत्तर : त्यांच्याकडे जाऊन वेळ ठरवा. सकाळी सातनंतर आणि रात्री नऊच्या आधी, असे ठरवले की बहुतेक माणसे ऐकतात. जमिनीवर जाड सतरंजी घाला, कारण खालच्या मजल्यावर डग्ग्याचा घुमारा जातो तो फरशीतून जातो. वर्षातून एकदा त्यांना घरी बोलावून वाजवून दाखवा.

प्रश्न : माझे गुरुजी दोन दौऱ्यांच्या मध्ये जेमतेम आठ दिवस घरी असतात. त्या दिवसांत शिकायला जावे तर त्यांच्या विश्रांतीत व्यत्यय येईल असे वाटते, आणि न जावे तर वर्षभर तालीमच होत नाही. (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : जा. पण विचारून जा, आणि विचारताना ‘कधी शिकवाल?’ असे न विचारता ‘मी येऊन बसले तर चालेल का?’ असे विचारा. पूर्वी शिष्य गुरुगृही राहत, तेव्हा त्यांना खरी तालीम मिळे ती याच मधल्या दिवसांत. गुरू स्वतःसाठी गुणगुणत बसलेले असत, एखादी बंदिश अर्धी आठवून पुन्हा पुन्हा तिच्याकडे जात असत आणि शिष्य कोपऱ्यात तंबोरा धरून ते ऐकत असे. मैफलीत तयार झालेले गाणे सर्वांनाच ऐकायला मिळते. ते तयार कसे होते हे मात्र घरातच दिसते, आणि अडखळतानाचे गुरू ज्याने पाहिले त्याची स्वतःच्या अडखळण्याची भीती जाते.

तुम्ही सांगलीच्या आहात, मिरज तुमच्या दाराशी आहे. तिथल्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते पिढ्यान् पिढ्या भोपळा कोरणाऱ्या आणि जवारी (तारेला घुमारा देणारी घोडीची घडण) लावणाऱ्या कारागिरांचे श्रेय आहे. गुरुजींचा तंबोरा दौऱ्यावरून आला असेल तर त्याची जवारी हललेली असणार, कारण प्रवासात घोडीवरचे दोरे सरकतात. पहिल्या दिवशी गेल्यावर तो गवसणीतून काढा, भोपळ्याला कुठे चीर गेली नाही ना ते उजेडात फिरवून पाहा, तारांवरची धूळ कोरड्या कापडाने पुसा. मग आधी जोड, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या तारा, लावा, त्यानंतर पंचम, शेवटी खर्ज, आणि प्रत्येक तारेखालचा दोरा केसभर मागे-पुढे करत ती तार मोकळी बोलेपर्यंत थांबा. गुरुजी आतल्या खोलीत झोपलेले असले तर झोपू द्या. तुम्ही छेडत बसा. तंबोरा नीट लागला की ते आपणहून बाहेर येतील.